चार कटिंग आणि एक दाढी

तर ऐका. अख्ख्या गल्लीला एक गोष्ट माहीत होती, फक्त एका माणसाला माहीत नव्हती, आणि तो माणूस कोण, तर सलूनवाला! म्हणजे विचार करा ना. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोराने परीक्षेत दिवे लावले, कोणाच्या सासूने कोणाला काय सुनावलं, हे सगळं ज्याच्या खुर्चीत आधी येतं आणि मग घरोघर जातं, त्याच माणसापासून गल्लीने जवळजवळ महिनाभर एक गोष्ट लपवली. तीही त्याच्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीत बसून, त्याचाच वस्तरा गळ्यावर असताना.

आणि गोष्ट काय, तर त्याच्या मुलीचं विमान किती वेळ उडणार.

मुलीला सगळे झिपरी म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं. लहानपणी केस सदा डोळ्यांवर, आणि सलूनवाल्याची पोर असून झिपरी, याची लोकांना एवढी गंमत वाटायची की नाव चिकटलं ते चिकटलंच. पण एक होतं. तिच्या डोक्याला जन्मात बाबांशिवाय कोणाची कात्री लागलेली नव्हती. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, बाबा शटर अर्ध्यावर ओढायचे आणि तिला खुर्चीत बसवायचे. लहान होती तेव्हा खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून. पुढे ती उंच झाली, फळी माळ्यावर गेली, बाकी सगळं तेच. आरशातून गप्पा, रेडिओ चालू, आणि शेवटी मानेवर पावडरचा ब्रश फिरला की गुदगुल्या.

मोठी होऊन ती काय करायला लागली, तर विग! नाटकातल्या लोकांचे विग. जाळीची टोपी लाकडाच्या डोक्यावर ताणून बसवायची आणि बारीक आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारायची. एकेक हां! एक विग व्हायला महिना सहज जातो, आणि मान मोडते ती वेगळी. दुकानाच्या खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून तिचं टेबल तिथेच होतं. त्या टेबलावरच्या लाकडी डोक्याला गिऱ्हाईकं 'जावईबापू' म्हणायची. "जावई लाखात एक मिळालाय हो तुम्हाला, उलट बोलत नाही, रुसत नाही." आणि बाबांचा ठरलेला विनोद, "मी काढतो, ही लावते. धंदा घरातल्या घरात फिरतो."

तर या झिपरीला एका लांबच्या शहरातून बोलावणं आलं. तिथलं मोठं नाटकघर, त्यात विग बनवणाऱ्यांची वेगळी खोली, उंच खिडक्या, ओळीने टेबलं. तिने पाठवलेला एक म्हाताऱ्या राजाचा पांढरा विग त्यांनी उलटा करून आतून पाहिला म्हणे, आणि आतल्या गाठी बघून सांगितलं, या.

बाबा नाही म्हणाले नाहीत. बाबा कधीच नाही म्हणायचे नाहीत. त्यांना वाईट वाटलं की ते फक्त रेडिओ बंद करायचे. सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत जो रेडिओ बडबडत असायचा, तो बंद झाला की घरात सगळे पाय न वाजवता चालायचे. भांडण परवडलं, पण ती शांतता नको.

त्यांनी अट घातली एकच. "मला सुट्टीच्या दिवशी सकाळी निघून, तुझे केस कापून, रात्री घरी येऊन झोपता आलं पाहिजे. बस. माझी गिऱ्हाईकं सोडून मी कुठे राहत नाही, तुला माहीतच आहे." आणि खरंच होतं ते. सुट्टीचा वार सोडून त्यांनी दुकान कधी बंद ठेवलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी दोन दाढ्या करून मांडवात गेले होते. आई अजून ऐकवते.

शहर सरहद्दीपलीकडे आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. पण मावशीचा दीर पण सरहद्दीपलीकडेच राहायचा आणि नुसता जेवायला म्हणून जीप काढून यायचा, त्यामुळे सरहद्दीचं त्यांना काही कौतुक नव्हतं.

आता तिकिटाचा दिवस. बाबांचे दोन्ही हात साबणात, खुर्चीत औषधाच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे केमिस्टच म्हणायचे, अर्धा गाल फेसाने भरलेला. झिपरी धावत आली आणि तिने मोबाइलच बाबांच्या नाकासमोर धरला. बाबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. वाचलं काय, तर दोनच आकडे. निघणार साडेनऊ. पोचणार पावणेबारा.

"सव्वादोन तास!" बाबा ओरडले. "अरे, सव्वादोन तास म्हणजे किती? चार कटिंग आणि एक दाढी! मावशीकडे बसने जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो!"

बाबांचं घड्याळ हे असं. एक कटिंग म्हणजे अर्धा तास, दाढी त्याच्या निम्मी. भात शिजायला एक दाढी, मावशीकडे जायला आठ कटिंग.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. साडेनऊ इथले, पावणेबारा तिथले! ते शहर पार पश्चिमेला, तिथलं घड्याळ नऊ तास मागे. इथे दुपारचा चहा उकळतो तेव्हा तिथे लोक सकाळचे दात घासत असतात. विमान उडणार होतं सव्वादोन नाही, चांगलं सव्वाअकरा तास.

झिपरीने तोंड उघडलं. खरंच उघडलं. "बाबा, ते घड्याळ ना, तिथलं..." पण बाबा दारात पोचले होते, हातात फेसाचा ब्रश घेऊन समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगत होते, "चार कटिंग आणि एक दाढी, बस! पोरगी हाकेच्या अंतरावर आहे!" आत येऊन त्यांनी रेडिओ मोठा केला. केमिस्ट आरशातून झिपरीकडे बघत होता. त्याची बहीण परदेशात, त्याला कळलं होतं. झिपरीने ओठांवर बोट ठेवलं. उद्या सांगते, असं हाताने खुणावलं.

उद्या उजाडला, तर बाबांनी चामड्याची पेटी आणली. छोटीशी, आत लाल कापड, कात्रीला एक खाच, कंगव्याला एक, आणि मशीनला एक. "दर महिन्याला न्यायला," म्हणाले, आणि कात्री तिच्या जागी बसवून, काढून, परत बसवून दाखवली. आता सांगा, त्यावर कोण काय बोलणार?

आणि इथे तुम्हाला बाबांचं एक मत सांगायलाच हवं, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. बाबा म्हणायचे, माणूस देवळात खोटं बोलेल, कोर्टात बोलेल, बायकोशी तर बोलेलच, पण गळ्याशी वस्तरा असताना बोलणार नाही. त्या खुर्चीत माणसाच्या तोंडून खरंच निघतं. याच केमिस्टने म्हणे लग्नाआधी वस्तऱ्याखाली कबूल केलं होतं की वाचनालयातल्या बाई त्याला आवडतात, आणि तो फक्त त्यांच्यासाठी न वाचता पुस्तकं बदलतोय. बाबांनी त्याला तसाच, गालाला तुरटी लावून, वाचनालयात पिटाळला. आज त्याच बाई त्याच्या गल्ल्यावर बसतात.

दुसरं मत होतं अर्ध्या डोक्याचं. एकदा वकीलसाहेबांचे केस कापताना दिवे गेले, मशीन बंद पडलं, साहेबांना कोर्टात तारीख, ते टोपी घालून तसेच पळाले. न्यायाधीश म्हणाले टोपी काढा. पुढचं तुम्हीच समजा. संध्याकाळच्या आत साहेब खुर्चीत हजर! तेव्हापासून बाबा म्हणायचे, "ज्याच्याकडे आपलं अर्धं डोकं राहिलंय, त्याच्याकडे माणूस परत येतोच. कितीही लांब जाऊ दे."

बरं, तर केमिस्ट गप्प बसला. पण दोन दिवसांनी आले भूगोलाचे मास्तर. निवृत्त, पण अजून नकाशाशिवाय बोलत नाहीत. झिपरी खिडकीशी गाठी मारत बसली होती. बाबांनी मास्तरांची मान मागे टेकवली, फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि म्हणाले, "मास्तर, आमची झिपरी चालली ते शहर तुम्हाला माहीत असेल. जवळच आहे ना?"

झिपरीच्या हातातला केस तुटला.

मास्तरांनी आरशात पाहिलं. आरशात बाबांचा आनंदाने फुललेला चेहरा, आणि त्याच्या मागे झिपरी, दोन्ही हात जोडून, मान हलवत, रडवेली. आणि झिपरीच्या बाजूला जावईबापू, तोही जसा काही उत्तराची वाटच बघतोय. ज्या मास्तरांनी एक नदी चुकली म्हणून पोरांना अख्खा नकाशा परत काढायला लावला होता, त्या मास्तरांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, आणि ते म्हणाले, "जवळ? अगदी जवळ. हे इथंच की."

बाबांनी वस्तरा पुसला. "बघ, झिपरे, मास्तर पण म्हणतात."

बाहेर आल्यावर मास्तरांनी झिपरीची बिनपाण्याने केली. "मूर्ख मुली! अर्धी पृथ्वी ओलांडून जायचंय तुला! मी आयुष्यात पहिल्यांदा भूगोल चुकीचा सांगितला, तोही गळ्यावर धार असताना! कधी सांगणार आहेस तू त्यांना?"

"सांगते ना मास्तर. आज सांगते. नक्की."

"आणि काय गं, महासागर येतो मधे," मास्तर जाता जाता वळून म्हणाले, जरा हळू आवाजात. "दिवसा आहे विमान. खिडकीपाशी बस. चुकवू नकोस."

तर असं सुरू झालं. बाबा प्रत्येकाला विचारायचे, कारण आनंद असा गल्लीभर वाटून टाकल्याशिवाय माणसाला राहवत नाही, आणि प्रत्येक जण आरशात झिपरीकडे बघून म्हणायचा, जवळ, जवळ. इस्त्रीवाला म्हणाला जवळ. दूधवाला तर म्हणाला, "मी सायकलवर गेलो असतो," तेव्हा झिपरीने त्याला खिडकीतून डोळे वटारून दाखवले, अति होतंय म्हणून. वकीलसाहेबांनी तर दाखले दिले. इकडे बाबांनी पहिल्या भेटीचा बेत ठरवून टाकला. सकाळचं विमान, दुपारी तिच्याकडे जेवण, मग कटिंग, संध्याकाळचं विमान, रात्री घरी. "तिथे मला फिरवत बसू नकोस हां. मला फक्त एक खुर्ची आणि उजेड लागतो."

झिपरी रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी तसंच तोंड घेऊन घरी यायची. भीती कशाची होती? बाबा अडवतील याची नव्हतीच. रेडिओची होती. ती विमानात बसेल आणि मागे दुकानात रेडिओ बंद असेल, आणि मग तो चालू कोण करणार?

शेवटी आईला सांगायला गेली. आई गच्चीवर दुकानाचे टॉवेल वाळत घालत होती. रोजचे तीसेक टॉवेल, सगळे पांढरे, कोपऱ्याला कोपरा लावून.

"आई, ते विमान आहे ना..."

"सव्वाअकरा तास," आई म्हणाली. तोंडात चिमटा धरलेला होता तरी.

"तुला माहीत आहे?"

"मला वाचता येतं, बाळा. तिकिटाच्या खालीच बारीक अक्षरात लिहिलंय. तुझे बाबा चष्म्याच्या वरून सगळं वाचतात, त्याला मी काय करू?"

"मग तू का नाही सांगितलंस?"

आईने टॉवेल झटकला, झिपरीच्या तोंडावर पाणी उडालं. "मी का सांगू? तुझी अडचण, तू निस्तर. मी एवढंच सांगते, त्यांना विमानाची भीती नाही आणि परक्या गावाचीही नाही. परवा मला विचारत होते, तिकडची सलूनवाली माणसं कशी असतील गं, केस ओले करून कापतात की कोरडे. तू कुठे राहशील, काय खाशील हे विचारलं नाही. हे विचारलं." मग झिपरीने दोरीवर टाकलेल्या टॉवेलकडे बघून म्हणाली, "तो टॉवेल उलटा घातलायस. सरळ कर."

आणि मग आला शेवटचा दिवस. उद्या सकाळी विमान. योगायोगाने नाही हां, मुद्दाम सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं होतं, म्हणजे आदल्या दिवशी कटिंग होईल. बाबांनी शटर अर्ध्यावर ओढलं. शटरच्या खालून दुपारचं ऊन आत सरकलं होतं, खुर्चीच्या पायापर्यंत. रेडिओवर कोणीतरी शेतीच्या हवामानाबद्दल फार मन लावून बोलत होतं. बाबांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि कात्री सुरू झाली. कच् कच् कच्. बाबांची कात्री केस नसताना पण हवेत चालायची, तालासाठी.

"पहिल्या सुट्टीलाच येतो," बाबा आरशातून म्हणाले. "जेवणाचा घाट घालू नकोस. वरण-भात पुरे. आणि तोपर्यंत कपाळावर आले केस तरी हात लावायचा नाही, पिन लाव. स्वतः कापलेस तर मला लगेच कळतं. सातवीत कापले होतेस, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"उंदराने कुरतडल्यासारखे!"

झिपरी हसली, आणि हसता हसता तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "बाबा," ती म्हणाली, "वस्तरा घ्या."

"कात्रीचं झालं नाही अजून."

"घ्या ना. मानेवरचे बारीक केस काढायचेतच की. ते आधी काढा. आणि वस्तरा लावून मग मला विचारा, ते शहर किती लांब आहे."

बाबा हसले. पण पोरीचा चेहरा बघून हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी नवं पातं लावलं. तिची मान पुढे झुकवली. थंड धार मानेला टेकली, आणि त्यांनी हळूच विचारलं, "किती लांब आहे गं?"

मान खाली होती म्हणून बरं, आरशात बघावं लागलं नाही. तिने आपल्या मांडीवर पडलेल्या केसांनाच सगळं सांगितलं. इथले साडेनऊ, तिथले पावणेबारा. नऊ तास मागचं घड्याळ. सव्वाअकरा तास. मधे महासागर. सुट्टीच्या दिवशी येऊन परत जाता येणार नाही, नुसतं यायला-जायला दोन दिवस जातील. पहिल्याच दिवशी सांगणार होते बाबा, पण तुम्ही दारात जाऊन ओरडलात, आणि मग ती पेटी आणलीत.

वस्तरा मानेवरून उचलला गेला. मग टक् असा आवाज आला, आणि शेतीचं हवामान बंद झालं.

झिपरीला वाटलं, संपलं.

बाबा बेसिनपाशी गेले. नळ सोडला. वस्तरा धुतला, पुसला, परत धुतला. पाठ तिच्याकडेच. मग म्हणाले, "मास्तरांना माहीत होतं?"

"हो."

"वस्तरा गळ्यावर होता त्यांच्या."

"हो बाबा."

"घाटी हलली होती. मला वाटलं, साबण गेला तोंडात." नळ बंद झाला. "आणि केमिस्ट?"

"हो."

"दूधवाला? सायकलवर जाणारा?"

"हो."

"वकीलसाहेब?"

"त्यांचं काय बाबा, त्यांचा तर धंदाच आहे."

बाबांच्या पाठीला हिसका बसला. झिपरी आरशात डोळे फाडून बघत राहिली, रडतायत की काय. मग तिला दिसलं, ते हसत होते. म्हणजे डोळे भरलेले होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, चष्मा काढून बाहीने पुसत. "काय माणसं आहेत!" ते म्हणाले. "अरे, काय माणसं! माझा हात जरा हलला असता तर! गळ्यावर धार, आणि कोणाची मान हलली नाही. एकाचीही नाही! स्वतःच्या बायकोसाठी बोलणार नाहीत एवढं खोटं, आणि माझ्या पोरीसाठी..." खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि कंगवा उचलला.

"सव्वाअकरा तास म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि ओठ हलायला लागले. "बावीस कटिंग. आणि एक दाढी."

"हो."

"एवढी गिऱ्हाईकं तर मला दिवसभरात होत नाहीत, झिपरे." कंगवा तिच्या केसांत तसाच थांबला. "म्हणजे मी शटर उघडलं, दिवसभर उभा राहिलो, शटर ओढलं, तरी तू वरच."

तेव्हा झिपरीला जे रडू फुटलं! महिनाभराचं साठलेलं. खांदे गदगदायला लागले, कापडावरचे केस सगळे खाली. बाबांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं सरळ धरलं. "हलू नकोस. खुर्चीत रडायचं नाही. केस गालाला चिकटतात, मग खाज सुटते." आणि आपल्या तळहातानेच गाल पुसले. हाताला पावडरचा वास.

मग ते कापत राहिले. पुढचे केस, बाजूचे, मागचे. रेडिओ बंदच. आणि शेवटी, मागे मानेपाशी आल्यावर, थांबले. कात्री हवेत दोन-तीनदा चालली आणि मिटली.

"झालं?" झिपरीने विचारलं.

"नाही." त्यांनी मागून छोटा आरसा धरला. मानेवर मधोमध एक बट तशीच लांब राहिली होती, बोटभर. वरच्या केसांखाली झाकलेली, कोणाला दिसणारही नाही. "हे राहिलंय. हे मी येऊन कापणार. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तू पण नाही."

"पण बाबा, कधी येणार? तुमचं दुकान..."

"अर्धं डोकं माझ्याकडे राहिलंय," बाबा म्हणाले आणि कापड झटकलं. "परत यायचं कोणी कोणाकडे, ते बघू. कोणीतरी जाईलच ना."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर फक्त आई आली. बाबांनी दारातच निरोप दिला आणि वेळेवर शटर वर केलं. पुढचं सगळं झिपरीला आईने फोनवर सांगितलं, ती तिथे उतरून, बॅगेवर बसून ऐकत होती, भर दुपारी, आणि आईच्या मागे गल्लीतल्या घरांमधून रात्रीच्या जेवणाच्या ताटल्यांचा आवाज.

"अगं, काय सांगू! सकाळपासून रेडिओ नाही. नुसते एकेक गिऱ्हाईक मोजत होते. दोन झाली, पाच झाली. मास्तर आले तेव्हा मान मागे टेकवून, वस्तरा लावून विचारलं, 'मास्तर, आता परत सांगा, किती जवळ?' मास्तर पांढरेफटक! म्हणाले, महासागर आहे हो मधे, माफ करा. हे म्हणाले, हलू नका, माफ केलंय. संध्याकाळी गिऱ्हाईकं संपली. एकोणीस झाली होती. मी म्हटलं चला आता घरी. तर म्हणतात, अजून तीन कटिंग आणि एक दाढी आहे, ती अजून वर आहे. मी बसले खुर्चीत, माझी टोकं कापून घेतली. केमिस्ट आणि त्याची बायको आली, कशाला आली ते सांगितलं नाही, गुपचूप बसली आणि कापून घेतलं. कटिंग झाली पुरी. दाढी राहिली. केमिस्टची तर सकाळीच झालेली, आता दाढीला माणूस कुठून आणायचा? तर तुझ्या जावईबापूंना खुर्चीत ठेवलं. फेस बिस लावला. अगदी निगुतीने दाढी केली बघ, तुरटीसुद्धा लावली! म्हणतात, हा एकटाच माझ्याशी खोटं बोलला नाही. आणि तोंड पुसत होते त्याचं, तेवढ्यात तुझा फोन."

"आणि मग?" झिपरीने विचारलं. "आई, मग?"

"मग काय. ऐक की."

आईने फोन लांब धरला असावा. मागे, अगदी बारीक, कोणीतरी पिकांवरच्या किडीबद्दल फार मन लावून बोलत होतं.

पासपोर्ट निघायला आणि त्यावर शिक्का मिळायला चार महिने गेले. मग एके दिवशी दुकानाच्या काचेवर कागद लागला, दुकान दोन आठवडे बंद. गल्लीत हाहाकार! वकीलसाहेब म्हणाले, अहो, माझी मोठी केस आहे, मी कोर्टात असा जाऊ? बाबा म्हणाले, "वाढू द्या. वस्तऱ्याखाली खोटं बोलता ना? आता बसा वाढवत." आणि खरंच, कोणीही दुसऱ्या सलूनमध्ये गेलं नाही. अख्खी गल्ली दोन आठवडे झिपरी होऊन फिरली.

विमानात बाबांच्या पुढच्या सीटवर एक माणूस होता, त्याच्या मानेवरच्या केसांची रेघ वाकडी कापलेली होती. उजवीकडे वर, डावीकडे खाली. सव्वाअकरा तास, बावीस कटिंग आणि एक दाढी, बाबा त्या मानेकडे बघत बसले, आणि कात्री खालच्या सामानात गेलेली. उतरल्यावर झिपरीने विचारलं, "बाबा, खिडकीतून महासागर पाहिलात?" तर म्हणाले, "महासागराचं राहू दे, त्या माणसाला इथं शोधता येईल का?"

तिची खोली छोटी होती. स्वयंपाकघरात एक खुर्ची आणि खिडकीतून उजेड, एवढं मात्र होतं. तिने वरण-भात केला होता, तो झाकून ठेवला, कारण बाबा म्हणाले आधी काम. त्यांनी ओट्यावर ती चामड्याची पेटी उघडली. तिच्या गळ्याभोवती घरून आणलेला पांढरा टॉवेल बांधला. वरचे केस बाजूला केले, आणि ती बट दोन बोटांत धरली. चांगली वाढली होती, आता खांद्याला टेकत होती.

"कोणी हात नाही ना लावला?"

"नाही बाबा. कामावर सगळे विचारतात, हे काय आहे म्हणून."

"मग काय सांगतेस?"

"सांगते, आमच्या बाबांचं आहे."

कात्री हवेत दोनदा चालली, तालासाठी, आणि मग कच्. बट टॉवेलवर पडली. पुढचे केस सारखे केले, बाजूचे केले, मानेवर ब्रश फिरवला. झिपरीला गुदगुल्या झाल्या.

"झालं?" ती म्हणाली आणि उठायला लागली.

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं. डोकं तिरकं करून, एक डोळा मिटून पाहिलं. डाव्या कानामागे दोन बोटं घातली, तिथली एक बट बाहेर ओढली, आणि नीट परत आत झाकून टाकली.

"नाही," ते म्हणाले, आणि कात्री पेटीतल्या तिच्या खाचेत ठेवून दिली. "डावीकडे थोडं राहिलंय. चल, आता वाढ भात."